डीव्हीडी ड्राइव्ह नसलेल्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टम: पेन ड्राइव्ह बनवण्याआधी फर्मवेअर बघा

प्रश्न थोडक्यात असा: संगणकाला डीव्हीडी ड्राइव्ह नाही. आयएसओ फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर कॉपी केली, बूट मेनूतून (कशावरून सुरू व्हायचं हे विचारणाऱ्या यादीतून) पेन ड्राइव्ह निवडला, तरी संगणक त्यावरून सुरू होत नाही. आता काय करायचं?

आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीत बांधलेली प्रत. ती फाइल तशीच पेन ड्राइव्हवर टाकली तर फर्मवेअरला (संगणक सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामला) फक्त एक मोठी फाइल दिसते. तिच्या पोटात काय आहे हे उघडून बघण्याची अक्कल त्याच्याकडे नसते. आतला मजकूर योग्य रचनेत पेन ड्राइव्हवर उतरवावा लागतो. ती रचना कोणती, हे तुमचा संगणक जुन्या बायोस पद्धतीने सुरू होतो की नव्या यूईएफआय पद्धतीने, यावर ठरतं. बहुतेकांची गाडी इथेच अडते: पेन ड्राइव्ह एका पद्धतीचा बनतो आणि संगणक दुसऱ्या पद्धतीने सुरू होतो. म्हणून आधी पद्धत तपासा, मग पेन ड्राइव्हला हात लावा.

संगणकावर विंडोज चालू असेल तर रन खिडकीत एमएसइन्फो३२ टाइप करा. उघडलेल्या माहितीत ‘बायोस मोड’ अशी ओळ असते आणि तिच्यापुढे लेगसी (म्हणजे जुनी बायोस पद्धत) किंवा यूईएफआय लिहिलेलं असतं. लिनक्स असेल तर सिस फोल्डरातल्या फर्मवेअर फोल्डरात ईएफआय नावाचा फोल्डर आहे का बघा. असेल तर यूईएफआय, नसेल तर लेगसी. यूईएफआयला जीपीटी प्रकारची डिस्क लागते आणि लेगसीला एमबीआर (डिस्कवरच्या विभागांची नोंद ठेवणाऱ्या तक्त्याचे हे दोन प्रकार), असं साधारण समीकरण धरा. विंडोज या बाबतीत फार काटेकोर आहे, लिनक्स बरंच सांभाळून घेतं. एमबीआर डिस्कवर २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही, तेव्हा यंत्र दोन्ही पद्धती पेलत असेल तर यूईएफआयच निवडा.

डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर फर्मवेअरमधली एकही सेटिंग बदलण्याआधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. सिक्युअर बूट (फक्त मान्य सही असलेले प्रोग्राम सुरू होऊ देणारी सोय) किंवा टीपीएमशी (किल्ल्या जपणाऱ्या चिपशी) छेडछाड झाली की पुढच्या वेळी तो तीच मागतो. तेव्हा की हाताशी नसेल तर जुना डेटा गेला असं समजा.

पेन ड्राइव्ह किती मोठा हवा? विंडोजसाठी किमान ८ जीबी. आयएसओच ५ जीबीच्या वर गेलेली असते, त्यामुळे १६ जीबीचा घेतला तर आडकाठी उरत नाही. लिनक्सच्या बहुतेक डेस्कटॉप आवृत्त्यांना ८ जीबी पुरतात, डेबियनची नेटवर्कवरून उरलेलं उतरवणारी छोटी आयएसओ तर १ जीबीच्या ड्राइव्हवरही मावते. नावाला ६४ जीबी आणि आत जेमतेम ८ जीबी असे बनावट पेन ड्राइव्ह सर्रास सापडतात. त्यावर लिहिताना एकही चूक दिसत नाही, इन्स्टॉलेशन मात्र ऐन मध्यावर कोसळतं. शंका असेल तर विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ या साधनांनी ड्राइव्ह पूर्ण भरून तपासा. वेळ लागतो, पण नंतर रात्र वाया जात नाही.

आयएसओ उतरवल्यावर तिची एसएचए-२५६ बेरीज (फाइलीच्या मजकुरावरून निघणारी ओळखीची अक्षरमाळ) प्रकाशकाने दिलेल्या बेरजेशी जुळवा. विंडोजवर सर्टयूटिल आज्ञेच्या हॅशफाइल पर्यायाने, लिनक्सवर एसएचए२५६सम आज्ञेने ती निघते. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी फाइल टाकून द्या. विंडोज बसवताना ०एक्स८००७०५७० हा त्रुटी क्रमांक येतो तेव्हा फाइल खराब आहे किंवा वाचता येत नाही एवढाच त्याचा अर्थ असतो. मूळ दोष बहुधा अर्धवट उतरलेल्या आयएसओत किंवा मरायला टेकलेल्या पेन ड्राइव्हमध्ये सापडतो. क्वचित रॅममध्येही.

विंडोजचा पेन ड्राइव्ह आणि ४ जीबीची भिंत

सर्वात बिनघोर मार्ग म्हणजे मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल. ते स्वतःच फाइली उतरवतं, ड्राइव्ह फॅट३२ या फाइल सिस्टममध्ये (फाइली मांडण्याच्या पद्धतीत) फॉरमॅट करतं आणि तो दोन्ही पद्धतींनी सुरू होतो. अडचण येते ती आयएसओ हाताने उतरवून पेन ड्राइव्ह स्वतः बनवताना.

कारण असं. यूईएफआय फर्मवेअरला फॅट प्रकारची फाइल सिस्टम वाचता येणं बंधनकारक आहे, विंडोजची एनटीएफएस वाचता येणं नाही. म्हणजे पेन ड्राइव्ह फॅट३२ हवा. पण फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा किंचितही मोठी चालत नाही, आणि विंडोजच्या सोर्सेस फोल्डरातली इन्स्टॉल डॉट विम ही फाइल हल्ली ती मर्यादा ओलांडते. मीडिया क्रिएशन टूलची गाडी पुढे जाते, कारण ते हीच सामग्री जास्त दाबून ईएसडी स्वरूपात देतं आणि ती ४ जीबीच्या आत बसते.

यातून सुटायच्या दोन वाटा आहेत. पहिली, रूफस हा पेन ड्राइव्ह बनवणारा प्रोग्राम वापरा. तो ड्राइव्ह एनटीएफएस करतो आणि शेजारी एक इवलंसं फॅट पार्टिशन (ड्राइव्हचा वेगळा विभाग) ठेवतो. त्यातला छोटा प्रोग्राम फर्मवेअरला एनटीएफएस वाचायला शिकवतो. रूफसची आवृत्ती जुनी असेल तर या प्रोग्रामला सिक्युअर बूट अडवतो, म्हणून ताजी आवृत्ती घ्या. रूफसमध्ये खरा निर्णय एकच असतो, पार्टिशन स्कीम. यूईएफआय यंत्रासाठी जीपीटी, जुन्या बायोससाठी एमबीआर. बाकीचे पर्याय आहेत तसेच राहू द्या.

दुसरी वाट, विम फाइलचे तुकडे करा. विंडोजवर डिझम आज्ञेचा स्प्लिट-इमेज पर्याय वापरून तुकड्याचा आकार ३८०० एमबी ठेवला की एसडब्ल्यूएम नावाचे दोन-तीन तुकडे तयार होतात. ते सोर्सेस फोल्डरात ठेवा आणि मूळ विम कॉपी करू नका. सेटअप हे तुकडे आपोआप ओळखतो. लिनक्स किंवा मॅकवर हेच काम विमलिब करतं. बाकी सगळ्या फाइली फॅट३२ ड्राइव्हवर नुसत्या कॉपी केल्या की यूईएफआय यंत्र त्यावरून सुरू होतं. कुठलंही खास साधन लागत नाही, कारण यूईएफआय फक्त ईएफआय फोल्डर, त्यात बूट फोल्डर आणि त्यात बूटएक्स६४ नावाची ईएफआय फाइल शोधतं. ती तिथे असली की झालं.

ड्राइव्ह हाताने साफ करायचा तर प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून डिस्कपार्ट सुरू करा. मग याच क्रमाने जा: लिस्ट डिस्क, आकार बघून सिलेक्ट डिस्क आणि पेन ड्राइव्हचा क्रमांक, क्लीन, क्रिएट पार्टिशन प्रायमरी आणि साइझ १४०००, फॉरमॅट, एफएस बरोबर फॅट३२, क्विक, अ‍ॅक्टिव्ह, असाइन. साइझ मुद्दाम सांगितली आहे. विंडोजचा फॉरमॅट वर्षानुवर्षं ३२ जीबीच्या पुढे फॅट३२ करून द्यायला नकार देत आला आहे, आणि तेवढ्या जागेत सगळं मावतं. सिलेक्ट करताना क्रमांक चुकला तर क्लीन तुमची मुख्य डिस्क साफ करेल, तेही न विचारता. बाकीच्या बाह्य डिस्क आधीच काढून ठेवा म्हणजे गोंधळाला जागा उरत नाही.

लिनक्सचा पेन ड्राइव्ह

इथे काम सोपं आहे, पण विंडोजची सवय आड येते. बहुतेक लिनक्स वितरणांची आयएसओ संकर जातीची असते: डिस्कवरही चालते आणि बिटागणिक पेन ड्राइव्हवर उतरवली तरी चालते. म्हणून डीडी आज्ञेने किंवा बलेनाएचर या साधनाने ती सरळ लिहिता येते. विंडोजची आयएसओ तशी नसते. ती डीडीने लिहिली तर ड्राइव्ह सुरूच होत नाही, आणि लोक मग फर्मवेअरला दोष देत बसतात.

डीडी वापरताना लक्ष्य म्हणून अख्खं उपकरण द्या, पार्टिशन नाही. म्हणजे एसडीबी, एसडीबी१ नव्हे. ब्लॉकचा आकार ४ एमबी ठेवा आणि शेवटी एफसिंक करायला सांगा. आज्ञा संपल्यासारखी दिसते तेव्हा बराच मजकूर अजून मेमरीत रेंगाळत असतो, आणि त्याच क्षणी ड्राइव्ह उपटला तर शेवटचे काही शे एमबी लिहिलेच जात नाहीत. रूफस संकर आयएसओ ओळखतो आणि आयएसओ पद्धत की डीडी पद्धत असं विचारतो. आधी पहिली वापरा, सुरू झालं नाही तर दुसरी.

वेगवेगळ्या सिस्टम वारंवार घालाव्या लागत असतील तर व्हेंटॉय हा प्रोग्राम पहा. तो एकदा ड्राइव्हवर बसवला की त्यानंतर आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या, म्हणजे सुरुवातीला चुकीची म्हटलेली तीच गोष्ट. सुरू होताना तो यादी दाखवतो. सिक्युअर बूट चालू असेल तर प्रत्येक यंत्रावर पहिल्यांदा त्याची की नोंदवावी लागते. त्या वेळी येणारा निळा पडदा बघून घाबरू नका.

ड्राइव्ह तयार आहे, पण संगणक त्याच्याकडे बघतच नाही

बूट मेनूचं बटण कंपनीगणिक वेगळं असतं. डेल आणि लेनोव्हो एफ१२, एचपी एफ९ (किंवा आधी एस्केप), आसूसच्या लॅपटॉपवर एस्केप आणि मदरबोर्डवर एफ८, एमएसआय आणि एएसरॉक एफ११, गिगाबाइट एफ१२. एसरवरही एफ१२ असतं, पण अनेक मॉडेलांत फर्मवेअरमध्ये जाऊन तो मेनू आधी चालू करावा लागतो. इंटेल मॅकवर सुरू होताना ऑप्शन बटण धरतात.

बटण दाबूनही विंडोजच उघडत असेल तर दोष बहुधा फास्ट स्टार्टअपचा असतो. शटडाउन म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. त्यामुळे पुढची सुरुवात इतक्या घाईने होते की बटणाला संधीच मिळत नाही. शिफ्ट धरून रिस्टार्ट करा. निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ हा पर्याय येतो आणि तिथून पेन ड्राइव्ह थेट निवडता येतो.

मेनूत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर त्यातल्या एका नोंदीपुढे यूईएफआय लिहिलेलं असतं. हीच निवड पुढचं सगळं ठरवते. चुकीची घेतली तर तासाभराने सेटअप सांगतो की निवडलेल्या डिस्कवर एमबीआर तक्ता आहे आणि ईएफआय यंत्रावर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवरच बसतं. किंवा याच्या बरोबर उलट. अशा वेळी डिस्क पुसण्याआधी थांबा. रिस्टार्ट करून दुसरी नोंद निवडा, निम्म्या वेळा तेवढ्यानेच प्रश्न सुटतो. डिस्कवरचं काहीच नको असेल तर सेटअपमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडा, डिस्कपार्टमध्ये डिस्क निवडून क्लीन आणि मग कन्व्हर्ट जीपीटी करा.

एक विचित्र जात म्हणजे इंटेल अ‍ॅटमवाले स्वस्त टॅबलेट आणि छोटे लॅपटॉप. प्रोसेसर ६४ बिटी, पण फर्मवेअर ३२ बिटी. त्यांना बूटएक्स६४ फाइल चालत नाही, बूटआयए३२ लागते. विंडोज घालायचं तर ३२ बिटीच घालावं लागतं.

सेटअप सुरू झाल्यावर

‘डिस्क सापडली नाही’ ही आजकालची सर्वात नेहमीची तक्रार. ११व्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची, डिस्क सांभाळणारी रचना चालू असते. तिच्यामागे दडलेली एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) विंडोज सेटअपला दिसत नाही. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, उघडून पेन ड्राइव्हवरच एका फोल्डरात ठेवा आणि डिस्कच्या यादीखालच्या लोड ड्रायव्हरमधून दाखवा. ड्रायव्हर इन्स्टॉलर स्वरूपात असेल तर आधी त्यातल्या आयएनएफ फाइली बाहेर काढाव्या लागतात, सेटअपला इन्स्टॉलर कळत नाही. फर्मवेअरमध्ये व्हीएमडी बंद करणं हा आडमार्ग आहे. कोऱ्या इन्स्टॉलेशनला तो चालतो. पण आधीचं विंडोज ठेवायचं असेल तर ते पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर अडकेल.

विंडोज ७ घालणाऱ्यांसाठी वेगळा सापळा आहे: सीडी किंवा डीव्हीडीचा ड्रायव्हर मिळत नाही असा संदेश, आणि तोही ज्या यंत्राला डीव्हीडीच नाही त्यावर. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही. पेन ड्राइव्हवरून सुरुवात फर्मवेअरने करून दिली, पण विंडोजचा कर्नल (गाभा) चालू झाल्यावर त्याला तोच ड्राइव्ह दिसेनासा होतो. यूएसबी २ चं पोर्ट असेल तर त्यात लावा. इंटेलच्या १०० मालिकेच्या चिपसेटपासून यूएसबी २ चा जुना नियंत्रकच काढून टाकला गेला, त्यामुळे तिथे कीबोर्ड आणि माउसही मुके होतात. तिथे ड्रायव्हर आयएसओत आधीच भरून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

दोन डिस्क असतील तर नको ती डिस्क उघडून काढून ठेवा. विंडोजला कुठल्याही डिस्कवर आधीचं ईएफआय पार्टिशन सापडलं की ते आपला बूटलोडर (सिस्टम सुरू करून देणारा प्रोग्राम) तिथेच टाकतं. महिन्यांनी ती जुनी डिस्क काढल्यावर नवं विंडोज सुरू होत नाही, आणि कारण कोणालाच आठवत नाही.

उत्पादन की मागितली आणि त्या यंत्रावर हीच आवृत्ती आधी सक्रिय असेल, तर ‘माझ्याकडे की नाही’ म्हणून पुढे जा. आवृत्ती मात्र तीच निवडा. होमच्या परवान्यावर प्रो सक्रिय होत नाही. विंडोज ११ इंटरनेट मागून अडून बसतं आणि वायफायचा ड्रायव्हर नसतो, तेव्हा अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा सेटअपला ते तारेचं नेटवर्क वाटतं. डेबियन घालणाऱ्यांना ही चिंता कमी, कारण १२व्या आवृत्तीपासून अधिकृत आयएसओतच वायफायचे फर्मवेअर असतात. लिनक्स सुरू होताना पडदा काळा पडला तर ग्रबच्या (लिनक्सच्या बूटलोडरच्या) मेनूत ई दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा. एनव्हिडिया कार्डावर हे अनेकदा लागतं.

पहिल्या रिस्टार्टला पेन ड्राइव्ह काढा. नाहीतर बूट क्रमात तो वर असल्यास सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

पेन ड्राइव्हही नसेल तर

चालू विंडोज असलेल्या यंत्रावर, विंडोज ८ आणि पुढे, आयएसओवर डबल क्लिक केलं की ती ड्राइव्हसारखी उघडते. आतला सेटअप चालवा आणि ‘काहीही ठेवू नका’ निवडा. ३२ बिटी विंडोजवरून ६४ बिटीवर असं जाता येत नाही.

डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येत असेल तर तीही चांगली वाट. विंडोजसाठी तिथे फक्त पहिला टप्पा, म्हणजे फाइली उतरवण्याचा, पूर्ण होऊ द्या. पहिल्या रिस्टार्टला वीज बंद करून डिस्क मूळ यंत्रात परत लावा. ड्रायव्हर ओळखणं त्यानंतर होतं. लिनक्स मात्र पूर्ण बसवून आणता येतं, फक्त एक मेख आहे: यूईएफआयची बूट नोंद त्या दुसऱ्या संगणकाच्या मदरबोर्डवर राहते. म्हणून ग्रब बसवताना रिमूव्हेबल पर्याय द्या, म्हणजे बूटलोडर बूटएक्स६४ या सर्वमान्य जागी ठेवला जातो.

अनेक यंत्रं एकदम करायची असतील तर नेटवर्क बूट. पीएक्सई पद्धतीत यंत्र डीएचसीपीकडून (जाळ्यात पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) आयपी पत्ता, सर्व्हरचा पत्ता आणि फाइलचं नाव घेतं, आणि मग टीएफटीपीने (फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने), यूडीपी पोर्ट ६९ वरून, ती फाइल उतरवतं. लिनक्सवर डीएनएसमास्क हा प्रोग्राम एकटाच हे सगळं करतो. राउटरचा डीएचसीपी बंद करायचा नसेल तर डीएनएसमास्कचा प्रॉक्सी प्रकार वापरा, कारण एका जाळ्यात दोन डीएचसीपी पत्ते वाटायला लागले की सगळ्यांचंच नेट बिघडतं. बायोस आणि यूईएफआय यंत्रांना इथेही वेगवेगळी फाइल द्यावी लागते. टीएफटीपी मुळात ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवून पोच येईपर्यंत थांबतो, म्हणून मोठ्या फाइली त्यावरून ओढू नका. त्यावरून फक्त आयपीएक्सई हा छोटा बूट प्रोग्राम द्या आणि पुढचं एचटीटीपीवरून घ्या. तार लागतेच. पीएक्सईला वायफाय चालतं असं धरून तयारीला लागू नका.

बाह्य यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह हाही पर्याय उरतोच. मोजके जुने बायोस पेन ड्राइव्ह नाकारतात पण त्याला ओळखतात. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलीअ‍ॅम्पिअरच देतं, आणि तेवढ्यावर डिस्क फिरवताना काही ड्राइव्ह मध्येच बंद पडतात. हबमध्ये नको, थेट मदरबोर्डच्या पोर्टात लावा.

काम झाल्यावर डीडीने लिहिलेला पेन ड्राइव्ह विंडोजला अगदी काही एमबीचा दिसेल, किंवा फॉरमॅट करू का असं विचारेल. तो बिघडलेला नसतो. डिस्कपार्टमध्ये क्लीन करून नवं पार्टिशन केलं की पूर्ण जागा परत मिळते.